नाळेबद्दल बोलले तेव्हा

माइक हातात होता आणि तोंडातून शब्द फुटत नव्हता. पूर्णगडजवळच्या एका वाडीत, देवळासमोर पन्नासेक बायका बसलेल्या. मागे पुरुष उभे. आमच्या प्राथमिक आरोग्य केंद्राचे डॉक्टर हळूच म्हणाले, "सिस्टर, जमत नसेल तर मी बोलतो."

ऐंशीच्या दशकातली गोष्ट. मी एएनएम होते, म्हणजे गावोगाव फिरून बाळंतपणं आणि लसीकरण बघणारी नर्स. या सभेच्या तीन वर्षं आधी, संगमेश्वरकडच्या एका गावात, आठ दिवसांचं बाळ धनुर्वाताने गेलं. यात जबडा आवळतो, बाळाला दूध ओढता येत नाही. नाळ कोयतीने कापून वर शेण लावलं होतं. मी ते गावच्या बैठकीत सांगितलं. दुसऱ्या दिवशी बाळाच्या घरच्यांनी मला वेणी धरून रस्त्यावर ओढलं. "आमचं पोर आम्ही मारलं म्हणतेस?" लसींचा डबा दगडाने फोडला.

मी बदली मागून घेतली. तेव्हापासून इंजेक्शन द्यायचं, रजिस्टर भरायचं, गप्प राहायचं. चार माणसं जमली की मी तिथून निघायचे.

मग या वाडीत तसंच एक बाळ गेलं. आणखी चौघींचे दिवस भरत आले होते. सभेत मी बोलते, असं मीच डॉक्टरांना सांगितलं होतं.

"नको सर, मीच बोलते," मी म्हणाले आणि सुरुवात केली.

नाळेचं नाव काढताच मागून एक म्हातारे गरजले, "बाय, आमच्या सुईणीनं सगळ्या वाडीची बाळंतपणं केली. तू तिला शिकवणार? खाली बस."

या वेळी मात्र मला राग आला.

"काका, मी बसणार नाही. ऐकायचं नसेल तर तुम्ही घरी जा. सुईणीचा दोष नाही, तिला कोणी सांगितलंच नाही. मला माहीत असून मी गप्प राहिले, तर दोष माझा."

मग सगळं सांगितलं. गरोदरपणात धनुर्वाताची दोन इंजेक्शनं. नवीन ब्लेड. ब्लेड आणि धागा दोन्ही उकळलेले. नाळेवर काहीही लावायचं नाही.

म्हातारे निघून गेले, सोबत आठ-दहा पुरुष. बायका बसून राहिल्या. सुईण भागीआजी पहिल्याच रांगेत होती. खाली बघत तिने विचारलं, "नर्सबाय, ब्लेड किती येळ उकळायचा?"

"वीस मिनिटं, आजी."

त्या चौघींची बाळं जगली. त्यातली दोन बाळंतपणं भागीआजीनेच केली. म्हातारे माझ्याशी पुढे कधी बोलले नाहीत. सगळ्यांना पटेल तेव्हाच बोलायचं ठरवलं असतं, तर अख्ख्या नोकरीत माझी एकही सभा झाली नसती.