जंतूबाईची घाई

प्रयोगशाळेत तिला सगळे जंतूबाई म्हणत आणि तीही खुशाल ओ देई. दिवसभर माणसांच्या अन् जनावरांच्या विष्ठेचे नमुने हाताळायचे आणि दुपारी डबा मात्र चवीनं खायचा, असली ही बाई! नव्यानं आलेल्यांना ती बजावायची, "साधी चाचणी जंतूचं नुसतं आडनाव सांगते. तो कुठल्या घरचा, हे त्याचा सगळा जिनोम, म्हणजे जनुकांची कुंडली, वाचल्याशिवाय कळत नाही. तोवर तोंडाला कुलूप!"

आणि नेमकं तिचंच कुलूप निघालं.

गावातल्या एका पाळणाघरातली पोरं ताप-जुलाबानं आडवी झाली. एकीला तर सलाईन लावावं लागलं. तिथं अंडी जायची जंतूबाईच्या थोरल्या भावाची. त्याच्या खुराड्यातले नमुने तिनंच आणले. साध्या चाचणीत पोरांचा आणि कोंबड्यांचा साल्मोनेला जंतू एकाच जातीचा निघाला. जिनोम वाचणारं यंत्र अजून चालूच होतं. पण भाऊ तो भाऊ. उद्या तपासनीस दारात उभा राहिला तर चारचौघांत त्याची शोभा नको, म्हणून ती संध्याकाळी त्याच्याकडे गेली.

"दादा, तुझ्याच कोंबड्या दिसतायत रे."

"दिसतायत, की आहेत?"

अगं, इथं तरी जीभ आवरायची! पण उभा जन्म या कामात गेलेला, स्वतःच्या अंदाजावर भरवसा. ती म्हणाली, "आहेत असंच धर."

दादा त्या रात्री जेवला नाही. वहिनी गेल्यापासून त्याचं बोलणं काय ते कोंबड्यांशीच. एकेकीला तो आवाजावरून ओळखायचा. सकाळी त्यानं सगळ्या मारल्या, पुरल्या, वर चुना टाकला. मग आजारी पोरांच्या घरोघरी जाऊन हात जोडून आला. तसं करायला कुणी सांगितलं होतं का? कुणी नाही. पण बहीण म्हणाली म्हणजे झालं, दुसऱ्या कुणाला विचारायची त्याला गरज वाटली नाही.

मग जिनोमचा निकाल आला. कोंबड्यांचा जंतू वेगळा, पोरांचा वेगळा. पोरांचा जुळला तो पाळणाघरातल्या पाळीव कासवाच्या टाकीतून उशिरा आलेल्या नमुन्यातल्या जंतूशी, अगदी हुबेहूब. पोरं कासवाची पाठ कुरवाळायची आणि तीच बोटं तोंडात घालायची.

जंतूबाई अंगातला पांढरा कोटसुद्धा न काढता धावत सुटली. दादा रिकाम्या खुराड्यापाशी बसला होता.

"दादा, तुझ्या कोंबड्या नव्हत्या रे! चुकलंच माझं. निकाल यायच्या आधी बोलायला नको होतं मी."

"पोरं बरी आहेत ना?"

"आहेत."

"मग झालं तर." त्यानं खुराड्याचं उघडं दार लोटलं. "छकुले, ती तांबडी होती ना, तिला धरायला हात पुढे केला, तर तिला वाटलं दाणे आहेत. आपणहून आली गं."