बिल्टीवाल्यांची चौकशी

मी बारावी पास आहे ही गोष्ट आमच्या ट्रान्सपोर्ट लाइनीत फार मोठी होती. आमच्या ह्यांचा एक सहाचाकी ट्रक होता आणि त्याचे कागद मी सांभाळायचे. परमिट, विमा, फिटनेस, सगळं. त्यामुळे अकोल्यात कोणा ट्रकवाल्याकडे इंग्रजी कागद आला की तो फिरत फिरत आमच्याच घरी यायचा. मी वाचायचे, कपाळाला आठी घालायचे, मग म्हणायचे, काही नाही, साधी नोटीस आहे, घाबरू नका. मला ते आवडायचं, खोटं कशाला बोलू.

त्या हिवाळ्यात चाचा एक कागद घेऊन आले. चाचा म्हणजे आमच्या ह्यांचे उस्ताद. क्लीनर असलेल्या ह्यांना ड्रायव्हर त्यांनी केलं, घाटात गाडी कशी उतरवायची ते त्यांनी शिकवलं, आणि लग्न झाल्यावर आम्ही दोघं पाया पडायला पहिले गेलो ते जुन्या शहरात त्यांच्या घरी. त्यांचाही एकच ट्रक, फायनान्सवर घेतलेला. दोन हप्ते थकले होते. तिसरा थकला की फायनान्सवाल्याची माणसं रस्त्यात गाडी अडवतात, किल्ली काढून घेतात आणि ड्रायव्हरला तिथंच उतरवून देतात. हे आम्ही सगळ्यांनी डोळ्यांनी पाहिलेलं होतं. चाचांच्या तिसऱ्या हप्त्याला एकोणीस दिवस राहिले होते.

ती वर्षं वऱ्हाडात वाईट होती. शेतात कमी पिकलं की ट्रकात कमी भरतं, हे सांगायला कोणी तज्ज्ञ लागत नाही. पाहणी करणाऱ्या साहेबांच्या पांढऱ्या गाड्या गावोगाव पळत होत्या आणि आमच्या गाड्या चार-चार दिवस जागच्या हालत नव्हत्या. सरकी कमी आली म्हणून तेलाची मिल अर्धी चालायची, आणि मिल अर्धी चालते म्हणून आमचं भाडं लांबायचं. आमचे हे आणि चाचा दोघंही त्याच मिलची, गुरांना घालायची ढेप गुजरातेत पोचवायचे. तिथला माणूस बिल्टीवर, म्हणजे मालासोबतच्या वाहतुकीच्या पावतीवर, सही-शिक्का मारून माल मिळाल्याची पोच द्यायचा. तिची झेरॉक्स मिलमध्ये जमा करायची आणि अस्सल आपल्याजवळ ठेवायची. मिलने पैसे दिले की मग अस्सल सोपवायची. थोडक्यात, अस्सल बिल्टी ज्याच्या हातात, भाडं त्याचं. पण मिलमध्ये गेलं की उत्तर ठरलेलं असायचं: पुढच्या सोमवारी या. चाचांजवळ अशा सतरा बिल्ट्या साचल्या होत्या.

त्यांनी आणलेला कागद अमरावतीच्या एका कंपनीचा होता. पोचेची बिल्टी आम्हाला द्या, चार दिवसांत नव्वद टक्के पैसे घ्या, मिलकडून वसुली आम्ही करू. शहाणी माणसं ह्याला बिल डिस्काउंटिंग म्हणतात. आमच्याकडे त्यांना नुसतं बिल्टीवाले म्हणायचे. असे खरे बिल्टीवाले असतात आणि खोटेही असतात, एवढं आम्हाला ऐकून माहीत होतं. कोण कोणता, हे मात्र कोणाला ओळखता येत नव्हतं.

चाचा म्हणाले, "बेटी, तू एकडाव जाऊन पाहून ये. तू म्हनली बराबर हाय, तं मी देतो. तू म्हनली नाई, तं नाई. मले काई त्यातलं समजत नाई."

मी हो म्हटलं आणि कागद ठेवून घेतला. 

दुसऱ्या दिवशी सकाळच्या एसटीने अमरावतीला गेले. वही सोबत होती, तिच्यात काय काय विचारायचं ते लिहून घेतलं होतं. ऑफिस पहिल्या मजल्यावर. मी आधी वर गेलेच नाही. खाली घरमालकीण तांदूळ निवडत बसली होती, तिला भाड्याने खोली मिळेल का असं विचारून बोलतं केलं. वरच्यांचा अकरा महिन्यांचा करार आहे, तीन महिन्यांचं भाडं आगाऊ दिलं, माणसं सभ्य आहेत, असं ती म्हणाली. मी वहीत खूण केली. शेजारच्या पानवाल्याला विचारलं, तो म्हणाला ट्रकवाले येतात-जातात. खूण केली. एसटीडी बूथवरून कागदावरच्या नागपूरच्या नंबरला फोन लावला, एका बाईने कंपनीचं नाव सांगून नमस्कार म्हटलं. खूण केली. इतक्या खुणा झाल्या तरी धीर होईना, आणि मला माझाच राग येत होता की बाई, आता अजून काय पाहिजे तुला?

मग वर गेले. भिंतीवर नोंदणीचा दाखला काचेत लावलेला. टेबलामागचा माणूस पस्तिशीचा, बोलायला मऊ. पाणी दिलं, ताई म्हणाला. मी त्याला सरळ विचारलं, "तुम्ही मिलला पत्र पाठवता का, की ह्या ट्रकवाल्याचं भाडं आता आम्ही घेणार म्हणून?"

हे मी कुठून तरी ऐकलं होतं, की खरी कंपनी आधी देणाऱ्याला कळवते. तो हसला. म्हणाला, "ताई, रीत तं तशीच हाय. पन मी पत्र पाठवलं का मिलवाल्याले समजते, का ह्या माणसाचा हात तंग हाय. मंग उद्या तो तुमाले माल देईन का? आमी तुमचाच माणूस म्हणून जातो. तुमच्या लेटरहेडवर, तुमच्या सहीनं. तुमची इज्जत सांभाळनं आमचं काम हाय."

मला बरं वाटलं. किती समजदार माणूस, असं वाटलं. मी त्याच्यापुढेही खूण केली.

परतीच्या गाडीत बडनेरा गेलं, मूर्तिजापूर गेलं, आणि मला चैन पडेना. एक गोष्ट राहिली होती. मिलचे अकाउंटंट आमच्या चांगल्या ओळखीचे, सरळ माणूस. रिक्षा करून त्यांच्याकडे जायचं आणि विचारायचं, साहेब, ही कंपनी तुमच्याकडे वसुलीला येते का, हिचा काही अनुभव? पाच मिनिटांचं काम. पण तसं विचारणं म्हणजे चाचा अडचणीत आहेत हे मिलमध्ये जाऊन सांगणं. आमच्या लाइनीत हात तंग असल्याचं एकदा पसरलं की दलाल भाडं पाडून मागतो, आणि माणसाला ते परवडत नसलं तरी घ्यावं लागतं. मी स्टँडवर उतरले आणि घरी आले.

रात्रीचं जेवण वाढताना ह्यांना म्हटलं, "सगळं बरोबर दिसते, पण मिलमध्ये एकदा विचारलं पाहिजे."

हे भडकले. "बह्याड झाली का तू? चाचाचा हात तंग हाय म्हणून दवंडी पिटतं का? ज्या मानसानं मले रोटी कमवाले शिकवलं, त्याची अब्रू काढतं?"

मीही काही गप्प बसणारी नाही. म्हटलं, मग तुम्ही जाऊन यायचं होतं चौकशीला, मला कशाला पाठवलं? बरीच बोलाचाली झाली. पण मनातून मला सुटल्यासारखं झालं होतं, की चला, आता विचारायला जायची गरज नाही. ह्यांनी नको म्हटलं म्हणून नाही गेले, असं आजवर मी स्वतःला सांगत आले. ते खरं नाही. मलाच जायचं नव्हतं.

आधी आम्ही आमच्याच दोन बिल्ट्या देऊन पाहिल्या. चौथ्या दिवशी पैसे आले, सांगितले तेवढे. मी त्यातून विमा भरला आणि तशीच चाचांकडे गेले. म्हटलं, "चाचा, देऊन टाका. मी स्वतः पाहून आले." त्यांनी कपाटातून प्लास्टिकची पिशवी काढली, बिल्ट्यांना रबर लावलेलं होतं. ह्या माणसाला आमच्या वतीने भाडे द्यावे, हे लेटरहेडवरचं पत्र मीच लिहिलं, माझ्या अक्षरात. चाचांनी खाली सही केली. सही करताना त्यांनी ते पत्र वाचून दाखवायलाही सांगितलं नाही.

चौथा दिवस गेला. पाचव्या दिवशी फोन केला, तो माणूस म्हणाला सोमवारी नक्की. सोमवारी फोन वाजत राहिला. मंगळवारी वाजलाच नाही. त्या आठ दिवसांत मी काय जेवले आणि कोणाशी काय बोलले ते मला आठवत नाही. ह्यांच्यावर खेकसायचे, भाजीत दोनदा मीठ घातलं. चाचा रोज संध्याकाळी यायचे, चहा प्यायचे आणि बिल्ट्यांचं एक अक्षर काढायचे नाहीत. मला वाटायचं विचारा ना हो, ओरडा तरी. ते आपले ह्यांच्याशी टायरच्या गोष्टी करायचे आणि जायचे. हप्त्याला सहा दिवस राहिले होते.

बुधवारी अमरावतीला गेले. ऑफिसला कुलूप. घरमालकीण म्हणाली, "तीन महिन्याचं आगाऊ देल्लं होतं नं, ते सरलं. गेले मंग." तिच्या बोलण्यात काही वावगं नव्हतं. तिला तिचं भाडं मिळालं होतं.

तिथून मी तशीच उलट्या पावली निघाले आणि एसटीतून उतरून थेट मिलमध्ये गेले. अकाउंटंट साहेबांसमोर सात-आठ ट्रकवाले बसले होते. त्या सगळ्यांदेखत मी म्हटलं, "साहेब, चाचांच्या बिल्ट्यांचे पैसे कोणाला देऊ नका. आम्ही फसलो. कंपनी खोटी आहे." पंधरा दिवसांपूर्वी जे कानात सांगायची लाज वाटली, ते आता मी ओरडून सांगत होते.

साहेबांनी चष्मा काढला. म्हणाले, "बाई, ते तं शनिवारीच घेऊन गेले. अस्सल बिल्ट्या होत्या, चाचाच्या सहीचं पत्र होतं."

मी म्हटलं, "पण तुमच्याजवळ तर पैसे नव्हते. दर सोमवारी परत पाठवत होते तुम्ही."

"त्यानं म्हटलं, दहावा हिस्सा कापून घ्या, पन आज द्या. शेठले सांगितलं, शेठ हो म्हनले." साहेब माझ्याकडे पाहत नव्हते. "मले वाटलं, चाचाले काई तरी मोठी अडचण असंल म्हणून मानूस पाठवला. चाचाले फोन करनार होतो. मंग म्हटलं, कायले विचारा, म्हातारा मानूस लाजंल."

मी तिथंच बाकावर बसले. साहेब पुढे म्हणाले, आणि ते त्यांनी न बोलायला पाहिजे होतं, "चाचा सोता आले असते नं बाई, का साहेब, गाडी चालली माझी हातातून, तं मी शेठपाशी भांडून देल्ले असते. कापलेबी नसते."

चाचांना सांगायला मी एकटीच गेले. ते दारात गाडीचा आरसा पुसत होते. मी सांगितलं. त्यांनी एवढंच विचारलं, "साऱ्या?" मी म्हटलं, साऱ्या. त्यांनी आरसा पुसून संपवला. ह्यांनी इकडूनतिकडून जमवून पाहिलं, पण त्या दिवसांत सगळ्यांचेच हात तंग होते. आठवड्यात फायनान्सवाल्यांनी शेगावच्या रस्त्यावर गाडी अडवली. चाचा एका दुधाच्या गाडीवर बसून घरी आले आणि पुढे लोकांच्या गाड्या चालवत राहिले, वयाच्या त्रेसष्टाव्या वर्षी.

तक्रार द्यायला आम्ही अमरावतीला गेलो. ठाण्यात आमच्यासारखे आणखी दहा-बारा ट्रकवाले होते, कोणी अंजनगाव सुर्जीचा, कोणी कुठला. सगळ्यांनी एकमेकांना विचारून बिल्ट्या दिल्या होत्या. मिलमध्ये जाऊन एकानेही विचारलं नव्हतं. का, ते कोणी कोणाला विचारलं नाही. फौजदार एकेकाचं लिहून घेत होते. चाचांचा नंबर आला. मी त्यांच्या शेजारी उभी होते, हे मागे होते.

"सतरा बिल्ट्या देल्ल्या तुमी," फौजदार म्हणाले. "काई चौकशी केली होती का? कोन गेल्तं पाहाले?"

माझं तोंड उघडलं होतं. खांद्याच्या पिशवीत वही होती, त्या सगळ्या खुणांची. त्या दहा-बारा जणांमधले निम्मे माझ्या ओळखीचे, माझ्याकडून कागद वाचून घेणारे.

चाचा म्हणाले, "मीच गेल्तो, साहेब."

"वाचता येते का तुमाले?"

"नाई जी."

बाजूचा हवालदार हसला. म्हणाला, "वाचता येत नाई तं असल्या भानगडीत कायले पडता, बुढेबाबा?" आणखी एक-दोघं हसले. चाचांनी मान खाली घातली आणि "चुकी झाली जी" म्हणाले. ह्यांनी माझ्याकडे पाहिलं, मग जमिनीकडे. फौजदारांनी लिहून घेतलं, वाचून दाखवलं, आणि चाचांनी सांगितल्या जागी सही केली.

तो कागद अजून त्या ठाण्यात कुठे तरी असेल. त्यावर लिहिलंय ते खोटं आहे. चाचा अमरावतीला गेले नव्हते. मी गेले होते.