उसना आवाज

मागच्या रविवारी दुपारी भंडाऱ्यातल्या आमच्या बैठकीत टीव्ही लावला... आणि गेलेला माणूस बोलायला लागला.

सांगते. माझे बाबा तीस वर्षं चिखल्याच्या मँगनीजच्या खाणीत खाली उतरले. रिटायर झाल्यावर काचबिंदूने आधी एक डोळा गेला, मग दुसरा. आई नव्हतीच, म्हणून त्यांना खाणीच्या कॉलनीतून माझ्याकडे आणलं. इथे आल्यापासून ते फारसे बोलेनासेच झाले.

हसायचे मात्र. रोज दुपारी, एका माणसामुळे. हिंदीत डब केलेल्या साऊथच्या पिक्चरमधला एक विनोदी नट... तमिळ. बुटका, पोट सुटलेला, प्रत्येक पिक्चरमध्ये हीरोचा मार खाणारा. कॉलनीत घरोघरी डिश लागल्या तेव्हापासून बाबांचा त्याच्यावर जीव. डोळे होते तोवर त्याचे सगळे पिक्चर पाच-पाच वेळा पाहिलेले, आता नुसते ऐकायचे. स्वयंपाकघरात मला ते हसू ऐकू यायचं आणि वाटायचं, चला, बाबा अजून आहेत आपल्यात.

दिवाळीनंतर तो नट वारला. मी बाबांपासून लपवलं. जुने पिक्चर लागतच होते, त्यांना कळायचं काही कारण नव्हतं.

पण आठ दिवसांनी शेजारचे गजूभाऊ "जय भीम काका" म्हणत आले आणि बसल्या बसल्या सांगून मोकळे झाले, "तुमचा तो जाड्या गेला ना जी!"

बाबा संध्याकाळी म्हणाले, "एक मेणबत्ती लाव, माय." बुद्धमूर्तीसमोर लावली. घरचं माणूस गेल्यावर राहतो तसे आम्ही दोघं गप्प उभे राहिलो.

दुसऱ्या दिवसापासून टीव्ही बंद. मी लावायला गेले तर म्हणाले, "मेलेल्या माणसाले हासाचं काय वं?" जेवण अर्ध्यावर आलं. दुपारभर भिंतीकडे तोंड करून पडून राहायचे... घर इतकं शांत, की नळ टपकला तरी दचकायला व्हायचं.

म्हणून रविवारी मी त्यांना न विचारताच टीव्ही लावला. नवाच पिक्चर होता. त्यातला विनोदी नटही दुसरा, उंच, काडीसारखा. त्याने तोंड उघडलं आणि आवाज... तोच. अगदी तोच.

बाबा ताडकन उठून बसले. "अवं, हा तर जिवंत हाये! गजू झूठ बोलला!"

त्यांच्या चेहऱ्यावर किती दिवसांनी ऊन पडलं होतं, काय सांगू. मला सगळं माहीत होतं. हिंदी आवाज देणारा कलाकार वेगळाच, मुंबईत कुठल्या तरी स्टुडिओत बसलेला. आधी त्या बुटक्याला द्यायचा, आता या उंचाला देतो. बाबांना ते कोण सांगणार? त्यांच्यासाठी आवाज म्हणजेच माणूस.

मला फक्त गप्प राहायचं होतं. एवढ्याने त्यांचं हसू परत मिळत होतं... मी जवळजवळ गप्प राहिलेच. पण ते भिंतीवर थाप मारून गजूभाऊंना हाका मारू लागले. गजूभाऊ येणार, खो खो हसणार. त्यापेक्षा माझ्याकडून कळलेलं बरं. मी त्यांचा हात हातात घेतला आणि सांगितलं.

ते हळूच म्हणाले, "म्हणजे ज्याच्यासाठी मेणबत्ती लावली, त्याचा आवाज आपण आइकलाच नाई."

थोड्या वेळाने त्यांनी विचारलं, "कोण होता तो? आधी काय करे?"

मी फोनवर शोधून वाचून दाखवलं. बाप विहिरी खोदणारा. हा गावच्या नाटक मंडळीत पडदा ओढायचा. एकदा विदूषक तापाने पडला आणि याला ढकलून स्टेजवर उभं केलं. तिथून मद्रास. कित्येक वर्षं सेटवर चहा दिला. पहिल्या पिक्चरमध्ये एकच वाक्य मिळालं, तेही कापलं गेलं. पुढे मात्र हीरो म्हातारे झाले, त्यांची मुलं हीरो झाली, आणि हा त्या मुलांचाही मार खात राहिला. गुडघे गेले तरी पडायचा सीन स्वतःच करायचा. घरी म्हणे फार कमी बोलायचा.

"बाप विहीर खोदे?" बाबांनी दोनदा विचारलं. "म्हणजे खाली उतरणाऱ्याचाच पोरगा होय." मग म्हणाले, "त्याचा सोताचा आवाज आइकव."

बाबांनी हिंदीत पाहिलेल्या एका पिक्चरमधला सीन मूळ तमिळमध्ये सापडला. मीही पहिल्यांदाच ऐकत होते. पातळ आवाज, जरासा घोगरा... माफी मागत बोलल्यासारखा. एक शब्द कळेना. बाबांनी मात्र मागच्या म्युझिकवरून सीन ओळखला आणि फोनकडे कान करून बोलायला लागले. "थांब, आता हा शिडी घेऊन येते."

शिडी आली.

"आता हीरो वरून आवाज देते... हा मान वर करते... आता पाहाजो, पाय सटकन."

मी स्क्रीनकडे पाहत होते आणि दिसत सगळं बाबांना होतं. पडण्याआधी तो क्षणभर थांबला, एक छोटासा श्वास घेतला. हिंदीत तो श्वास कधी आलाच नव्हता. बाबा त्या श्वासालाच हसले... पोट धरून, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. मग मीही.

आता दुपारी आमच्या घरात तमिळ चालतं. कुणालाच काही कळत नाही, आणि काही अडतही नाही.

मला तमिळ येत नाही. ज्यांना येतं त्यांच्यापैकी कुणाचा त्याच्या घरी निरोप पोचत असेल, तर एवढं सांगा... इकडे भंडाऱ्यात एक म्हातारा रोज तुमच्या माणसाला ऐकतो. त्याच्याच आवाजात.