टाकीत ओतलेलं पुरण

प्रसाद नालीत टाकायचा नाही, एवढंच माझ्या डोक्यात होतं. दौलतगंजच्या आमच्या मंडळात गणपतीचे दहा दिवस पंगती उठायच्या, आणि उरलेलं पुरण, वरण, आमटी मी डबे भरभरून गोशाळेच्या गोबरगॅसच्या टाकीत ओतत राहिले. मी प्रयोगशाळेत काम करणारी, म्हणून टाकीची तपासणी आणि नोंदवही माझ्याकडे. टाकीत फक्त शेण घालायचं, असा नियम होता. वहीत मी शेणच लिहिलं.

विसर्जनानंतर त्या गॅसवरची शेगडी मंदावली. मी टाकीतलं पाणी तपासलं. डाळीचा अमोनिया झाला होता. ॲसिटेट, म्हणजे व्हिनेगरमधल्या आंबटाचंच रूप, थेट खाऊन गॅस करणारे जंतू त्यात गारद झाले होते. आता भिस्त एका जोडीवर. एक जंतू ॲसिटेट फोडून हायड्रोजन सोडतो, दुसरा तो लगेच गिळून मिथेन करतो. दुसऱ्याने गिळला नाही तर पहिल्याचं काम अडतं. ही जोडी अमोनिया सोसते, पण वाढते फार हळू. टाकीत काही न घालता आठवडेच्या आठवडे थांबायचं, एवढाच उपाय.

टाकी सांभाळणारे काका माधवगंजचे, माझ्या वडिलांच्या वयाचे. त्यांनी विचारलं, "ताई, टाकीत काही वेगळं गेलं का?"

"नाही," मी म्हटलं.

मग पाइपच चोक असणार, असं त्यांनी धरलं. दुसऱ्या दिवशी सकाळी मी पोचले तेव्हा झाकण उघडं होतं. काका कमरेपर्यंत आत वाकलेले, आणि हलत नव्हते. टाकीतल्या विषारी वायूने ते बेशुद्ध झाले होते. गोशाळेतल्या दोघांनी पाय धरून बाहेर ओढलं.

दवाखान्यात काकू मलाच धीर देत होत्या. ते जातील, ही भीती होतीच. आणि खरं सांगते, शुद्धीवर येऊन ते पुन्हा तेच विचारतील, ही पण होती.

ते वाचले. दोनेक महिन्यांनी ज्योत आपोआप निळी झाली. जोडी वाढली होती. आपण पाइप हलवला म्हणून गॅस आला, असं काका सगळ्यांना सांगत. मी मान डोलवायची.

गेल्या रविवारी त्यांच्या घरी गेले. दूध करपलं, तरी काका शेजारीच बसून होते. काकू म्हणाल्या, त्या दिवसापासून ह्यांना वासच येत नाही. मग मी सगळं सांगून टाकलं.

 काका म्हणाले, "तेव्हा बोलला असतात तर मी झाकण कशाला उघडलं असतं?"

ते अजून रोज त्या टाकीवर जातात. गॅस गळला तर त्यांना कळणार नाही. उद्यापासून तुमच्याआधी मी तिथे जाईन, असं मी म्हटलं. त्यांनी हो म्हटलं नाही.