आडवा हिरडा

कुरवंड्याजवळच्या ठाकरवाडीतल्या हिरीमावशीला भोळं दिसायची कला चांगली अवगत होती. लग्नघरी गेरूच्या भिंतीवर तांदळाच्या पिठानं चौक काढावा तर तिनंच, आणि चेहरा न हलवता समोरच्याची फिरकी घ्यावी तीही तिनंच. लोणावळ्याहून वाडीच्या शाळेत शिकवायला येणाऱ्या अनिता मॅडम तिला म्हणाल्या, "मावशी, शाळेच्या भिंतीवर आपली देवराई काढू या. मुलांना पर्यावरणही कळेल."

"कळलं का न्हाई, ते कोन बगनार?"

"परीक्षा घेऊ की."

"मग ती मी घेनार," मावशी म्हणाली.

तिची अट एकच होती. हात लावून पाहिल्याशिवाय झाड भिंतीवर काढायचं नाही. मुलं मॅडमबरोबर टेकडीवरच्या देवराईत जाऊन आली. गुडघ्यांमुळं मावशी खालीच राहिली आणि देवराईतला थोरला हिरडा आठवणीनं काढू लागली. मॅडमनी शेजारी उंबर काढला. फळं फांद्यांच्या टोकाला, आंब्यासारखी लोंबती.

मावशीनं मान तिरकी केली. "मॅडम, ह्यो लोनावळ्याचा उंबर व्हय? आमच्या हितल्याला फळं खोडालाच चिकटत्यात."

मुलं खिदळली. मॅडमही हसल्या आणि उंबर पुसायला लागल्या.

तेवढ्यात सातवीतली करिष्मा म्हणाली, "मावशी, तुजा हिरडाबी चुकलाय."

"माजा? लगीन हून आले तवापासनं बगतीया त्याला."

"शेवटचा कदी बगितला?"

मावशी हिशेब करू लागली. चार वर्षं तरी झाली होती.

"त्यो पडलाय," करिष्मा हळूच म्हणाली.

दुसऱ्या दिवशी मुलांचा हात धरून मावशी टेकडी चढली. दर दगडावर टेकायची आणि गुडघ्यांचा राग वाटेवर काढायची. देवराईतलं वाळकं काटूकही कुणी उचलत नाही, म्हणून हिरडा पडला तसाच होता. सासरी आल्यावर पहिला दिवा तिनं त्याच्याच बुडाशी लावला होता. सालीवर हात ठेवून ती गप्प बसून राहिली. मावशी गप्प बसली की काय करायचं असतं, हे पोरांना ठाऊक नव्हतं.

शेवटी करिष्मानं तिला खोडावरच्या अळंब्या दाखवल्या, मुंग्यांची रांग दाखवली, आणि पलीकडं उगवलेली बोटाएवढी तीन रोपं.

"थोरलं पडलं, म्हून त्यांना ऊन मिळालं."

"मॅडमनी सांगितलं?"

"व्हय."

"शिकतीया म्हनायची मॅडम हळूहळू," मावशी म्हणाली आणि पदरानं डोळे पुसले.

खाली आल्यावर तिनं ओल्या फडक्यानं आपला हिरडा पुसला आणि नव्यानं काढला, आडवा. अळंब्या पोरांनी काढल्या, मुंग्या मॅडमनी. रोपं तिनं करिष्माला काढायला दिली.

संध्याकाळी हेडमास्तर प्रदीप गुरुजी भिंतीपुढं बराच वेळ उभे राहिले. "मावशी, एवढं मोठं झाड आडवं का हो?"

मावशी भोळेपणानं म्हणाली, "दमलंय, गुरुजी. तुमी न्हाई का दुपारी खुर्चीत कलंडत?"