तिच्या मातीचा निरोप मीच दिला होता

लिहायला फार उशीर झाला, माफ करा. महिना होत आला...

त्या सकाळी मुखेडला आमच्या घरी कुसुम, माझी बायको, उठली तीच पोट दुखतंय म्हणत. थोड्या वेळात पापण्या उघडेनात, जीभ जड झाली. ग्रामीण रुग्णालयात नेलं, तर दारातच तिचा श्वास थांबला.

डॉक्टरबाईंनी घशात नळी घातली आणि रबरी फुगा दाबून श्वास द्यायला लागल्या. व्हेंटिलेटर तिथे नाही. पापणी उचलून बॅटरी मारली... बाहुली हललीच नाही.

मी घाबरट माणूस. मला वाटलं, संपलं. टाइप करता येत नाही, म्हणून खाटेजवळच उभा राहून घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर बोलून मेसेज टाकला... "कुसुम गेली. माती दुपारी चारला. सूनबाई, कपाटातलं हिरवं लुगडं काढून ठेव." सवाष्ण गेली की आमच्यात हिरवंच नेसवतात. तोच मेसेज तिच्या मैत्रिणीला, इस्लापूरच्या यमुनाबाईंनाही पाठवला.

डॉक्टरबाई ओरडल्या, "काका, काय बोलून राहिलात? ठोके चालू हायेत! झोपेत मण्यार चावली असंल. अंग लुळं पडतं, पण आत सगळं ऐकू येत असतं!"



सापाच्या विषावरचं इंजेक्शन दिलं. नांदेडपर्यंत अँब्युलन्समध्ये नर्सताई आणि मी आळीपाळीने फुगा दाबत होतो. दाबला की तिची छाती उठायची, सोडला की बसायची... मी थांबलो असतो तर तीही थांबली असती. अर्धवट उघडे डोळे माझ्याकडेच होते.

सहाव्या दिवशी नळी निघाली. तिने खुणेनं मला जवळ बोलावलं. आवाज घोगरा झाला होता...

"लुगडं कपाटात न्हाई, पेटीत हाय. अन् माती चारलाच? लई घाई होती तुम्हाला."

सून हसली. मला हसू आलं नाही.

आता ती घरी आहे. त्या डॉक्टरबाईंचे आणि नर्सताईंचे उपकार कसे फेडू... ती झोपलेली असली तरी मी फोनवर बोलायला अंगणात जातो, हेही तिथूनच बोलून लिहितोय.

बाकी सगळ्यांना खरं कळवलं. यमुनाबाईंचा फोन मात्र बंद लागतो. पहिल्या मेसेजला निळी खूण आहे, म्हणजे त्यांनी तो ऐकलाय. त्यांच्या लेखी कुसुम अजून मेलेलीच आहे... आणि कुसुम रोज विचारते, "यमुनीला सांगितलं का?"

इस्लापूरकडचं कुणी हे वाचत असेल, तर त्यांच्या घरी जाऊन सांगा. आणि मला लगेच कळवा... वाट बघतोय.