कडमतच्या पाण्यात कमलाक्षीबाई

म्हैसूरच्या अग्रहारातल्या एका मुलींच्या शाळेत कमलाक्षीबाईंनी उभा जन्म भूगोल शिकवला. घरात मराठी, वर्गात कन्नड. फळ्यावर अरबी समुद्र काढला की केरळच्या पश्चिमेला निळ्या खडूचे ठिपके द्यायच्या आणि सांगायच्या, "हे लक्षद्वीप. समुद्राच्या पोटात डोंगरांची एक रांग बुडालेली आहे. तिच्या माथ्यांवर पोवळ्याच्या इवल्या जीवांनी ही बेटं बांधली आहेत." मुली जांभया द्यायला लागल्या की त्या शेवटचं अस्त्र काढायच्या. कण्णूरच्या राजघराण्याच्या जाचाला कंटाळून उत्तरेकडच्या बेटांवरची माणसं गलबतातून मंगळूरला आली, टिपू सुलतानाला भेटली आणि ती बेटं म्हैसूरच्या अमलाखाली गेली. म्हैसूरचं नाव निघालं की वर्ग सावरून बसायचा.

बाईंनी स्वतः मात्र समुद्र पाहिलाच नव्हता. शाळेची सहल उडुपीला निघाली की त्या काहीतरी कारण काढून मागे राहायच्या.

त्या नऊ वर्षांच्या असताना घरची सगळी टी. नरसीपूरला संगमावर स्नानाला गेली होती. थोरला भाऊ दिलीप पायरीवरून घसरला आणि कावेरीच्या ओढीत गेला, तो परत आलाच नाही. त्यानंतर आईने कमलाक्षीला घोट्याच्या वर पाण्यात कधी उतरू दिलं नाही. आई गेली, भीती राहिली. हौदात वाकून पाहतानाही बाई काठ घट्ट धरायच्या.

निवृत्त झाल्यावर थोड्याच दिवसांत, सकाळची कॉफी घेता घेता त्या नवऱ्याला म्हणाल्या, "अहो, मी पोहायला शिकणार आहे. मग लक्षद्वीपला, कडमत बेटावर जाऊन पोवळी बघणार."

गुरुरावांचं मंडी मोहल्ल्यात कापडाचं दुकान. त्यांनी पेला खाली ठेवला. "ह्या वयात? सुम्ने, गप घरात बस की. गुडघे बघ आधी."

"पाण्यात गुडघ्यांवर भार येत नाही म्हणे."

"आणि भीती?"

"ती आहेच," बाई म्हणाल्या. "म्हणून काय मरेपर्यंत नकाशाच बघू?"

पोहण्याच्या तलावावर बायकांच्या वेळेला विश्वेश नावाचा तरुण शिकवायचा. पहिले काही आठवडे बाईंनी काठाचा गज सोडला नाही. चेहरा पाण्यात घातला की कानांत नदीच्या ओढीचा तो संगमावरचा आवाज भरायचा. त्या खोकत वर यायच्या, रिक्षा करून घरी जायच्या आणि पांघरूण घेऊन पडायच्या. दुसऱ्या दिवशी मात्र हजर. शेवटी विश्वेशने विचारलं, "अम्मा, इतकी भीती वाटते, मग येता कशाला?"

तेव्हा त्यांनी दिलीपची हकीकत सांगितली. घराबाहेरच्या माणसाला प्रथमच. विश्वेश त्यांच्या शेजारी येऊन उभा राहिला. मग म्हणाला, "पोहणं राहू दे. आधी पाण्यावर पडून राहायला शिकू."

त्याने पाठीखाली तळवा धरला. "उसिरु बिडी, अम्मा. श्वास सोडा, मान सोडा." दसऱ्याच्या सुमारास एका सकाळी त्यांना कळलं की तळवा केव्हाच निघालेला आहे आणि आपण आकाशाकडे बघत तरंगतो आहोत. पुढच्या उन्हाळ्यापर्यंत त्या तलावाची लांबी खोल बाजूने पार करू लागल्या. मग डोळ्यांवर काच आणि तोंडात नळी लावून श्वास घ्यायचा सराव केला. बेटावर जायचा परवाना आला तेव्हा गुरुरावांनीही पिशवी भरली. "एकटीला सोडतो की काय," एवढंच पुटपुटले.

कोचीहून निघालेलं जहाज कडमतच्या बाहेर, खोल पाण्यात थांबलं. तिथून लहान होडीत उतरायचं होतं. लाटेबरोबर होडी जहाजाच्या दारापर्यंत वर यायची, की लगेच खाली जायची. बाई दारात थिजल्या. मागे माणसं खोळंबली.

"परत फिरू या का, कमला?" गुरुराव हळूच म्हणाले. "इथवर आलीस, साकु. पुष्कळ झालं."

बाईंनी मान हलवली. होडी वर येण्याची वाट पाहिली, खलाशांच्या हातांत दोन्ही हात दिले आणि पाऊल टाकलं.

बेटाभोवतीच्या खाडीसारख्या शांत पाण्यात होडी शिरली तसे गुरुराव वाकून पाण्याकडे बघू लागले. त्यांचं घराणं कापड रंगवणाऱ्या रंगाऱ्यांचं. म्हणाले, "असा निळा आमच्या आजोबांच्या पिंपात कधी उतरला नसेल."

दुसऱ्या दिवशी मुत्तुकोया नावाचा वाटाड्या बाईंना होडीतून पोवळ्याच्या खडकांवर घेऊन गेला. बाईंनी चेहरा पाण्यात घातला. खाली सगळं राखाडी होतं. मोडक्या शिंगांसारख्या फांद्या, त्यांवर शेवाळ. त्या वर आल्या.

"हे सगळं मेलेलं आहे?"

"पाणी तापलं होतं, मॅडम," मुत्तुकोया मोडक्या हिंदीत म्हणाला. "तापलं की पोवळं पांढरं पडतं. मग पुष्कळसं मरतं."

बाईंना हे ठाऊक होतं. शिकवलंही होतं. तरी काचेच्या आत डोळे भरून आले.

"होडीत जाऊ या?" त्याने विचारलं.

"जिवंत कुठे आहे ते दाखवा."

"ते पलीकडे, कडेला. तिथे पाय टेकत नाहीत."

"चला."

कडेशी जमीन एकाएकी संपली. खाली गर्द निळं, तळ दिसेना. बाईंनी नळीतून सावकाश श्वास सोडला, पुन्हा घेतला आणि पुढे सरकल्या. कपारीत एक पिवळसर गोल पोवळं होतं, मेंदूसारख्या वळ्यांचं. शेजारी मेलेल्या फांदीवर वीतभर नवी फूट, टोकं जांभळी. पोपटासारखी चोच असलेल्या माशांचा थवा खडक खरवडत होता. त्याचा करकर आवाज चक्क ऐकू येत होता. एक हिरवं कासव श्वासाला वर आलं आणि त्यांच्याकडे ढुंकूनही न बघता खाली गेलं. मुत्तुकोयाने दोनदा खूण केली तेव्हा कुठे त्या परतल्या.

परतीच्या जहाजावर त्यांनी गुरुरावांना सगळं सांगितलं, राखाडी आणि जांभळं दोन्ही.

"मी पुन्हा येणार आहे," त्या म्हणाल्या. "ती फूट वाढते की जाते, ते बघायला हवं."

"आणि पुन्हा पाणी तापलं तर?"

"तर तेही बघीन. शाळेत जाऊन मुलींना सांगीन."

गुरुरावांनी कठडा धरून खालच्या पाण्यात डोकावून पाहिलं. मग म्हणाले, "मी काठावरच बसून राहू होय? मलाही शिकायचंय."

हल्ली ते पुरुषांच्या वेळेला तलावावर जातात, पाणी गार आहे म्हणून रोज कुरकुरतात, आणि दुकान तासभर उशिरा उघडतात.